जिकडे कान, तिकडे दार

मित्रांनो, नळी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर बागेला पाणी घालणारी ती हिरवी, लुळीपांगळी नळी येत असेल. कोणाचा पाय पडला की तिचे पाणी बंद. मी तिच्या नात्यातली नव्हे! मी अग्निशमन केंद्राची नळी आहे. आता जुनी झाले आहे आणि अंगावर एक ठिगळ मिरवते आहे. त्या ठिगळावरून केंद्रात सगळे मला 'ठिगळी' म्हणतात. पूर्वी या नावाचा मला फार राग यायचा. आता कोणी नुसते 'नळी' म्हटले तर मी ओळखसुद्धा दाखवत नाही.

मागावर चादर विणतात तशीच मी कारखान्यात विणली गेले. चादर पसरट असते, मी गोल, एवढाच फरक. बाहेरून जाड सुताचे कापड आणि आतून रबराचे अस्तर. मग माझ्या दोन्ही टोकांना धातूचे जोड बसवले. एक टोक साधे, गुळगुळीत. दुसऱ्या टोकाला मात्र कढईला असतात तसे दोन कान. एका नळीचे साधे टोक दुसरीच्या कानवाल्या टोकात दाबले की 'खट्' असा आवाज होतो आणि दोघी एकजीव होतात. कान ओढले की पुन्हा सुटतात. हे कान नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्यांच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

मी केंद्रात आले तेव्हा कोरी करकरीत, दुधासारखी पांढरी होते. मला बंबाच्या कप्प्यात अगदी पुढची जागा मिळाली. आमचा बंबखाना मोठा आणि उंच आहे. तिथे सदा डिझेलचा आणि ओल्या रबराचा वास असतो. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली बुटांचा जोड, आणि बुटांतच विजार खोचून ठेवलेली, म्हणजे पाय घातला की बूट आणि विजार एकदमच चढते. कुठे आग लागल्याची वर्दी आली की घंटा वाजते. मग कोणाच्या तोंडाला साबण लागलेला असो की हातात पत्ते असोत, सगळे टाकून जवान धावतात. पहिल्या वर्दीला मी इतकी घाबरले होते की काही विचारू नका. पण पंपवाल्याने पाणी सोडले, माझ्या अंगात जोर आला, मी ताठ झाले आणि समोरची आग मागे सरकू लागली. त्या दिवसापासून माझी मान जी ताठ झाली ती आजतागायत खाली आलेली नाही.

आता थोडे मनातले सांगते. कौतुक सगळे नोझलचे होते. पाण्याची धार सोडणारा तो माझ्या टोकाला बसतो, चकचकीत दिसतो, आणि फोटो काढायला आलेले लोक त्याचाच फोटो काढतात. मी मागे चिखलात, काचांवरून, गटाराच्या पाण्यातून ओढली जाते, ते कोणाला दिसत नाही. काम करणाराने करावे आणि मिरवणाराने मिरवावे, ही जगाची रीतच आहे. भोंग्याचे तर बोलायलाच नको. तो नुसताच ओरडतो.

पण आमच्या केंद्रात एक माणूस असा होता की त्याला नोझलपेक्षा नळी प्यारी. ते म्हणजे उस्ताद. जवानांना तेच शिकवायचे. आग विझवून सगळे परत आले की थकलेल्या माणसांना भूक लागलेली असायची. पण उस्ताद स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी नळी, मग थाळी." मग सगळे निमूटपणे अंगणात यायचे. आम्हाला लांब पसरून, ब्रशने घासून, धुऊन, उंच मनोऱ्यात एका टोकाने टांगून ठेवायचे. ओली नळी तशीच गुंडाळली की तिला बुरशी लागते आणि सूत आतल्या आत कुजते. वरून दिसते धडधाकट आणि ऐन वेळी फाटते. वाळल्यावर गुंडाळतानासुद्धा उस्ताद घडी बदलायला लावत. सारखी एकाच जागी मोडली की नळी तिथेच दगा देते. आईने मुलाचे डोके तेल लावून चोळावे तशी आमची निगा व्हायची.

आता दाजीची ओळख करून देते. केंद्रात सगळ्यांत ताकदवान जवान तोच. नोझल धरावा तर त्यानेच. खरे तर तो फक्त एकाचा दाजी. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्याच केंद्रात भरती झाला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "दाजी, माझे बूट कुठं ठेवू?" असे विचारून बसला. झाले! त्या दिवसापासून साहेबांपासून पंपवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो दाजी झाला, आणि बायकोचा भाऊ सगळ्यांचा मेहुणा.

माझे ठिगळ दाजीच्याच हातचे आहे. एका दुकानाच्या आगीत मला फुटक्या काचेवरून ओढले आणि कानांपासून हातभर अंतरावर माझ्या अंगाला चीर पडली. तिच्यातून पाण्याची जी चिळकांडी उडाली ती थेट दाजीच्या तोंडावर. सगळे हसले. केंद्रात आल्यावर त्याने जाड रबराचा तुकडा चिकटवून, वरून कापड गुंडाळून मला ठिगळ लावले आणि म्हणाला, "घे ठिगळे, नटलीस आता." ठिगळ ओबडधोबड होते, पण पक्के होते. मात्र माझी पुढची जागा गेली. मला कप्प्याच्या तळाशी ठेवू लागले. नव्या नळ्या माझ्यावर बसायच्या.  सावली फिरते तशी वेळही फिरते.

आमच्या केंद्रातला एक सराव तुम्हाला सांगायलाच हवा. धुरात डोळे काही कामाचे नसतात. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. मग आत गेलेला माणूस बाहेर कसा येणार? नळी धरून. पण नळी कधी सरळ पडत नाही. तिचे वेढे पडतात, ती स्वतःवरूनच जाते. चाचपडत निघालेला माणूस भलतीकडे वळतो आणि दाराकडे जाण्याऐवजी आगीकडे जातो. यावर उस्तादांचा एकच मंत्र होता: "जिकडे कान, तिकडे दार." दोन नळ्या जोडल्या की कानवाली बाजू नेहमी बंबाकडून आलेल्या नळीची असते. म्हणून जोड हाताला लागला की कान चाचपायचे, आणि ज्या नळीला कान असतील ती धरून निघायचे. ती तुम्हाला बाहेर नेणारच.

हे अंगात मुरावे म्हणून उस्ताद जवानांच्या तोंडावरच्या, धुरात श्वास घ्यायच्या मुखवट्यावर काळे फडके बांधत, माडीवरच्या खोलीत बाकडी, टेबले, टायर हवे तसे पसरून ठेवत आणि मध्ये नळीचे वेढे टाकत. मग एकेकाला आत सोडत. मेहुणा या सरावात तरबेज होता. दाजीला मात्र त्याचा कंटाळा. "लहान पोरांचा आंधळी कोशिंबिरीचा खेळ," असे तो म्हणायचा. एकदा तो आत गेला आणि एखाद्या मांजरासारखा बाकड्यांमधून वळणे घेत झटक्यात बाहेर आला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी मात्र जवळ जाऊन त्याच्या मुखवट्यावरचे फडके नुसते बोटाने सारले.

"आंधळ्याला ठेच लागते रे," ते म्हणाले. "तुला एकसुद्धा लागली नाही."

"उस्ताद, ते फडकंच जरा सैल..."

"फडकं सैल नव्हतं. तू चोरून बघितलंस. आगीत कुणाचं फडकं वर करशील?"

दाजीची शिक्षा ठरली. पुढचे आदेश येईपर्यंत केंद्रातल्या सगळ्या नळ्या त्याने एकट्याने धुवायच्या. दाजीचे तोंड पाहण्यासारखे झाले. केंद्राचा पैलवान अंगणात उकिडवा बसून आम्हाला ब्रशने घासतो आहे आणि मेहुणा खिडकीतून विचारतो आहे, "दाजी, कानामागं नीट घासलं का? ताई विचारत होती." दाजी चिडून ब्रश फेकायचा आणि मग उठून तोच आणायचा. पण मित्रांनो, एक गोष्ट त्याच्याही लक्षात आली नाही. रोज धुता धुता त्याचे हात आम्हाला ओळखू लागले. गप्पा मारत, वर न बघता तो सांगायचा, "ही ठिगळी. आता ठिगळ येईल, आणि मग कान." मला त्याच्या हातांचा लळा लागला.

ही ताई म्हणजे दाजीची बायको आणि मेहुण्याची सख्खी बहीण. जवानांची घरे केंद्राच्या मागेच होती, त्यामुळे ती दुपारी डबा घेऊन यायची. तिचे बोलणे फटकळ आणि काळीज लोण्याचे. भाऊ भरती झाला तेव्हा तिने एकच अट घातली होती, आणि तीही साहेबांसमोर.

"एका बंबावर जा, एका वर्दीला जा, माझं काही म्हणणं नाही. पण दोघांनी एका नळीवर आत जायचं नाही. माझं माहेर आणि सासर एकाच नळीला बांधू नका."

त्यांचे आईवडील कधीच वारले होते. भाऊ म्हणजेच तिचे सगळे माहेर. साहेबांनीही ते मनावर घेतले होते. एक पुढच्या नळीवर असेल तर दुसरा मागच्या.

पण आग काही अटी विचारून लागत नाही. एका भर दुपारी वर्दी आली. गाद्यांच्या गोदामाला आग. दाजीचा नेहमीचा जोडीदार त्या दिवशी तापाने घरी होता. दुसरा बंब दुसऱ्या वर्दीला गेलेला. गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून माणसांच्या राहत्या खोल्या होत्या आणि आग त्याच भिंतीशी होती. बाहेरून पाणी तिथवर पोचत नव्हते. आत जाणे भागच होते. साहेबांनी दाजीकडे पाहिले, मग मेहुण्याकडे. दोघांनीही मान डोलावली. नव्या नळ्या दुसऱ्या बंबाबरोबर गेल्या होत्या. कप्प्याच्या तळाशी हात गेला आणि मी बाहेर आले.

माझे साधे टोक बंबाला लागले. कानांत दुसरी एक जुनी नळी बसली, तिच्या पुढे नोझल. पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडावर मुखवटे, आणि माझ्यामागे... नाही, माझ्यापुढे ते दोघे. पाणी आले आणि मी तट्ट फुगले. ठिगळावर ताण आला. मी मनात म्हटले, फाटायचे असेल तर उद्या फाट, आज नाही.

आतला धूर डांबरासारखा काळा होता. गाद्यांचा फोम जळतो तेव्हा असाच धूर होतो. दोघे गुडघ्यांवर, पोटावर सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेले. दाजीने नोझल उघडला. पाण्याचा मारा सुरू झाला आणि भिंतीजवळची आग दबू लागली. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात वरपर्यंत रचलेल्या गाद्यांची लोखंडी मांडणी एका बाजूने कलली आणि कोसळली. मेहुण्याचा पाय तिच्याखाली सापडला. दाजीने नोझल बंद करून खाली ठेवला, पाठ लावून ती मांडणी उचलली आणि मेहुण्याला ओढून काढले. त्या झटापटीत दोघे कुठून कुठे फिरले ते त्यांनाच कळले नाही. दार कोणत्या बाजूला, काही समजेना.

दाजीने एका हाताने मेहुण्याचा पट्टा धरला आणि दुसऱ्याने मला शोधले. चाचपडत निघाला. पण मांडणी पडली तेव्हा आमचे वेढे एकमेकींवर पडले होते. एका ठिकाणी तो एका वेढ्यावरून दुसऱ्यावर गेला, त्याला ते कळलेही नाही. मला कळले! मी ओरडून सांगितले असते, पण देवाने मला पाणी दिले, वाचा दिली नाही. त्यातच मेहुण्याच्या टाकीची शिट्टी वाजू लागली. हवा संपत आली की ती शिट्टी वाजते.

दाजीचा हात सरकत सरकत माझ्या ठिगळावर आला. थांबला. मग हातभर पुढे गेला. कान!

आधी ठिगळ, मग कान. म्हणजे कान मागच्या नळीला, माझ्याच अंगाला. म्हणजे दार मागे आणि आग पुढे. ते उलटे निघाले होते.

"दाजी, कान लागले का?" मेहुण्याचा आवाज मुखवट्यातून घोगरा येत होता.

"लागले. दार मागं आहे म्हणतायत."

"मग वळा ना!"

"पण पुढं मला उजेड दिसतोय रे. राखाडी उजेड. दार तिकडंच आहे, मला आठवतंय."

दाजी हलेना. एकीकडे त्याचे स्वतःचे डोळे होते, आणि दुसरीकडे मी, एक ठिगळ लावलेली जुनी नळी. माझ्या सगळ्या आयुष्यात मला तेवढी भीती कधी वाटली नाही. मला जळण्याची भीती नव्हती. तो माझा हात सोडील, याची होती.

तेव्हा मेहुण्याने त्याचा दंड घट्ट धरला आणि म्हणाला, "दाजी, आज तरी चोरून बघू नका. डोळे मिटा."

दाजीने डोळे मिटले. त्याचा हात पुन्हा माझ्या कानांवर आला, तिथून ठिगळावर. अंगणातल्यासारखाच, ओळखीचा. मग तो वळला. एका हाताने मेहुण्याला ओढत, दुसरा हात माझ्यावरून क्षणभरही न उचलता, माझ्या प्रत्येक वेढ्याबरोबर वळत तो सरपटत निघाला. मध्ये एक निखारा माझ्या अंगावर पडला आणि माझे सूत जळू लागले. ठिगळ धुमसत होते. मी एक थेंबही सांडू दिला नाही. शिट्टी बंद पडायच्या आत त्याच्या हाताला उंबऱ्याचा दगड लागला, आणि बाहेरून चार हातांनी दोघांना ओढून घेतले.

त्यांच्या मागून थोड्याच वेळात छताचे पत्रे कोसळले. तो राखाडी उजेड पत्र्यांना आधीच पडलेल्या भगदाडातून येत होता, आणि त्याच्या खालीच सगळी आग होती. बाकीच्या जवानांनी आम्हाला बाहेर ओढून घेतले आणि उघड्या पडलेल्या छतातून पाणी मारून ती विझवली. मागच्या खोल्यांना धग लागली नाही.

केंद्रात परतल्यावर डॉक्टरांनी मेहुण्याच्या पायाला पट्टी बांधली. दाजीचे हात भाजले होते. पण तो आधी अंगणात आला, मला पसरले आणि ब्रश मागितला. उस्ताद म्हणाले, "आज राहू दे रे." दाजी म्हणाला, "आधी नळी, उस्ताद." मग उस्ताद स्वतः खाली बसले आणि त्यांनीच मला धुतले. दाजी नुसता शेजारी बसून राहिला. तो रडत होता, आणि ते त्याने लपवले नाही.

तेवढ्यात ताई धावत आली. भावाला पाहिले, नवऱ्याला पाहिले, दोघे जिवंत आहेत याची खात्री केली आणि मग विचारले, "कुठल्या नळीवर होतात?"

 साहेब आभाळाकडे पाहू लागले.

"ठिगळीवर," दाजी म्हणाला.

"दोघं?"

"दोघं."

ती वळली आणि घरी निघून गेली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. पुढे कितीतरी दिवस डबा यायचा, पण शेजारच्या मुलीच्या हाती. ती स्वतः केंद्राची पायरी चढली नाही.

मग माझी तपासणी झाली. पाण्याचा दाब वाढवत नेला तशी मी जळालेल्या जागी फाटले. ठिगळावर मात्र फाटले नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्या अंगावर लाल रंगाचा पट्टा ओढला. त्याचा अर्थ, ही नळी बाद. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? माझे तुकडे केले. एक शिडीच्या पायांखाली गेला, म्हणजे शिडी घसरत नाही. एक भिंतीच्या धारेवर दोराखाली घालतात, म्हणजे दोर कापत नाही. बाद झालेलीसुद्धा केंद्रात अशी कामाला येते. आणि ठिगळाचा, कानांचा लांबलचक तुकडा उस्तादांनी माडीवरच्या सरावाच्या खोलीत ठेवला. तीच मी, तुमच्याशी बोलते आहे. नवा आलेला प्रत्येक जवान काळे फडके बांधून पहिला हात माझ्यावर ठेवतो. शिकवायला आता दाजी असतो. फडके सैल नाही ना, हे तो दोनदा ओढून बघतो.

एके दिवशी जवानांच्या घरच्यांना केंद्र पाहायला बोलावले. मुले बंबावर चढली, भोंगा वाजवून झाला, नोझलचे फोटो निघाले. ताई आली होती, पण दाराशीच उभी. जवान सराव करत होते तो तिने पाहिला. मग एकदम पुढे आली आणि म्हणाली, "माझ्या डोळ्यांवर बांधा."

"अगं, तुला कशाला?" दाजी म्हणाला.

"बांधा म्हटलं ना."

तिला खोलीच्या मधोमध नेऊन सोडले. माझ्याबद्दल तिला कोणी काही सांगितले नाही. उस्तादांचा मंत्र तेवढा तिला पाठ होता. कोणाला नव्हता? तिने बाह्या सरसावल्या, गुडघ्यांवर बसली आणि मला धरून निघाली. कपाळ बाकड्यावर आपटले. टायरात हात अडकला. समोरच्या उघड्या खिडकीतून वारा येत होता आणि मुलांचे हसणे ऐकू येत होते, म्हणून कोणालाही वाटावे की दार तिकडेच. तिचा हात माझ्या ठिगळावर आला. त्यावरून तिने बोटे फिरवली, सावकाश. मग पुढे सरकली आणि कान लागले.

ती थांबली.  वारा येत होता त्या दिशेला तिने एकदा तोंड केले. मग वळली आणि मागे निघाली. दारात पोचली तेव्हा तिने फडके सोडले. कपाळावर टेंगूळ आले होते. समोर नवरा आणि भाऊ शाळेतल्या मुलांसारखे हात मागे बांधून उभे होते.

"जा," ती म्हणाली. "यापुढं दोघं जा एका नळीवर. पण एकही नळी ओली गुंडाळलेली दिसली, तर गाठ माझ्याशी आहे."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी, ठिगळ लावलेली वस्तू असेल. तिला हसू नका, आणि तिला ओलीच कोपऱ्यात कोंबू नका. स्वतःच्या हाताने पुसा, वाळवा, जागच्या जागी ठेवा. ज्या वस्तूची आपण निगा राखतो तिला आपले हात अंधारातही ओळखतात, हे मी माझ्या डोळ्यांनी नाही, पण माझ्या कानांनी अनुभवले आहे.

त्या संध्याकाळी दाजी आणि मेहुणा दोघे मिळून मला मनोऱ्यात वाळत घालून आले. खरे तर मी त्या दिवशी भिजलेच नव्हते. पण ताई खाली उभी राहून बघत होती, म्हणून मीही काही बोलले नाही आणि मजेत वाऱ्यावर झुलत राहिले.